शेगडीच्या गाडीतला पंखा

आमच्या गाडीला जळगावात गल्लीतले लोक शेगडीची गाडी म्हणायचे. गाडी विलायती होती. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून ती एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी घेतली होती. पुढे त्यांच्या दारात नवी मोटार आली आणि ही जुनी आमच्याकडे आली. पुढच्या बैठकीसमोर, पाय ठेवतात त्याच्या वरच्या अंगाला, एक गोल पत्र्याची पेटी बसवलेली होती. इंजिनातलं गरम पाणी रबरी नळ्यांतून त्या पेटीत यायचं आणि आतला छोटा पंखा उबदार वारा गाडीत सोडायचा. साहेबाच्या देशात त्याची गरज असणार. आमच्याकडे वैशाखात माणसं ओला पंचा डोक्यावर टाकून फिरतात, तिथे मोटारीत शेगडी हा थट्टेचाच विषय होता.

पण पौषातली पहाट असली, केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता असला आणि पाटाला नुकतंच पाणी सोडलेलं असलं, की खानदेशातली थंडी हाडापर्यंत पोचते. माझे यजमान डॉक्टर होते. असोद्याहून आणि आसपासच्या गावांतून अडलेल्या बाळंतिणींना ते याच गाडीतून जळगावला आणायचे. अशा वेळी ती शेगडी फार उपयोगी पडायची.

गाडी चालवायचे माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. त्यांनी सारी उमेद त्याच जिनिंगमध्ये इंजिनावर घातली होती. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ज्या इंजिनावर चालतात, ते त्यांच्या ताब्यात असायचं. मोटार चालवायलाही ते तिथेच शिकले. मुलानं मात्र कधी चाक हातात घेतलं नाही. रस्त्यानं जाताना ह्यांच्या डोक्यात पेशंटच असायचा, आणि असा माणूस चालवायला बसला तर केळीच्या बागेतच जाईल, असं माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, म्हणायच्या. त्यामुळे मुलगा डॉक्टर आणि बाप त्याचा ड्रायव्हर, असं आमचं घर होतं. नानांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. सकाळी अंघोळीच्या आधी ते गाडी पुसायचे, मग गळ्यात मफलर गुंडाळून तयार होऊन बसायचे. वर्दी आली नाही तर दिवसभर जरा उदास असायचे.

मी धुळ्याची. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडात माहेरची अहिराणी होती. आहेच्या ऐवजी शे, चुलीवर भाजी शे, असं मी बोलून जायची आणि अक्का हसायच्या. नाना हसत नसत. मी बोलायला लागले की ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. आमच्याकडे सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर असायचाच, आणि बोलताना तो तोंडाशीही धरायची रीत होती. आल्यावर थोड्याच दिवसांत नानांनी मला सांगितलं की माझ्याशी बोलताना पदर तोंडाशी धरायचा नाही, मोकळं बोलायचं. अक्कांना ते आवडलं नाही. मला मात्र माहेरी पत्र लिहिताना, सासरे किती सुधारलेले आहेत हे सांगायला एक गोष्ट मिळाली.

पंख्याचा आवाज सुरू झाला तो माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली तेव्हाच्या हिवाळ्यात. आधी नुसती टिकटिक होती. मग घरघर यायला लागली आणि संक्रांतीच्या आसपास तर पत्र्यावर कुणी तार ओढावी तसा आवाज निघू लागला. त्यात नवल नव्हतं, कारण तो पंखा नुसता हिवाळ्यात चालत नसे. उन्हाळ्यात नाना गरम पाण्याचा कॉक बंद करून टाकत आणि नुसता वारा घेत. बिचाऱ्याला बाराही महिने विश्रांती नव्हती. एका मिस्त्रीनं गाडी बघून सांगितलं की जळगावात शेगडी कशाला हवी, तारच तोडून टाका. नानांनी त्याला परत गाडीला हात लावू दिला नाही.

ह्यांनी आवाजाबद्दल नानांना दोन-तीनदा सांगितलं. नाना दर वेळी म्हणायचे, "काही आवाज-गिवाज नही. तुले उगा भास होतो." ते इतक्या ठामपणे म्हणायचे की पुढे बोलायची सोय नसे.

मग एका सकाळी असोद्याहून एका बाळंतिणीला आणताना जे झालं, ते मला ह्यांनी घरी आल्यावर सांगितलं. बाई मागच्या बैठकीवर, तिची आई तिच्या उशाशी, आणि हे खाली दाटीवाटीनं बसलेले. त्या ओरबाडणाऱ्या आवाजानं बाईला काही सुचेना. तिनं कान झाकून घेतले. ह्यांनी मागून नानांना सांगितलं की पंखा बंद करा. नानांनी बंद केला नाही. परत सांगितलं, मग जरा चिडून सांगितलं. नाना समोर बघत शांतपणे गाडी चालवत राहिले. बाई सुखरूप मोकळी झाली, पण ह्यांच्या मनाला ते लागलं. स्वभावानं हे भांडणारे नव्हते. गप्प बसणारे होते. त्या दिवसापासून त्यांनी बापाशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली, आणि तेही ताटावर मान खाली घालून. नाना पोराच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मग न जेवताच उठायचे.

अक्कांनी शेवटी मला विचारलं की ह्या दोघांचं काय बिनसलं. मी पंख्याचं सांगितलं. त्यांनी काय केलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची वेळ झाल्यावर हे पायी निघून गेले आणि नानांनी अंगणात लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडून खाली गोणपाट अंथरलं. मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, जरा बस आत. बटण फिरवाले कोनी पाहिजे."

अक्का ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांनी मानेनंच जा म्हटलं.

मी चालवणाऱ्याच्या जागेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. नाना गोणपाटावर उताणे पडले आणि त्यांनी डोकं पेटीखाली घातलं. इंजिन सुरू करायचं नव्हतं. पंखा बॅटरीवर चालतो, तेव्हा इंजिन बंद असताना आवाज आला तर तो पंख्याचाच, हे त्यांनी मला आधी नीट समजावून दिलं. मी किल्ली फिरवली, मग बटण फिरवलं. आवाज आलाच. लिंबावरचे कावळे उडाले.

"घासल्यावानी हाये का ठोकल्यावानी?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, घासल्यासारखा. नाना पेटीखालून बाहेर सरकले, माझ्याकडे बघून त्यांनी तोच प्रश्न परत विचारला, मी तेच उत्तर परत दिलं. मग ते आत गेले. बटण हळू कर, जोरात कर, असं त्यांनी मला बऱ्याचदा करायला लावलं. वेग वाढला की आवाज वाढायचा. प्रत्येक वेळी ते बाहेर येऊन मला विचारत. पडल्या जागेवरूनच का विचारत नाहीत, असं मला वाटलं, पण वय झालेला माणूस, पडून पडून मान अवघडत असेल. मधे एकदा त्यांनी पेटीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. एखाद्याचा ताप बघावा तसा तो हात कितीतरी वेळ तिथे होता.

मग त्यांनी किल्ली काढायला सांगितली, बॅटरीची तार सोडवली आणि पेटीचे स्क्रू काढले. आत उंदरानं घर केलं होतं. कापसाचा हा एवढा गोळा, त्यात सरकी, लिंबाची वाळलेली पानं आणि माझ्या हरवलेल्या एका रिबिनीचा तुकडा. पिल्लं नव्हती, त्याचं मला बरं वाटलं. नानांनी तो सगळा कचरा चिमट्यानं ओढून काढला. धूळ इतकी उडाली की मी पदर नाकातोंडावर घेतला.

कापूस काढल्यावर त्यांनी तार जोडून, पेटीवर हात ठेवून बघितलं. घरघर गेली, पण ओरखडणं राहिलं. तेव्हा नानांनी पंखा मोटरसकट बाहेर काढला आणि ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला. एका पात्याचं टोक कापसाच्या दाबानं वाकलं होतं आणि पेटीच्या आतल्या बाजूला त्याची घासून घासून चकचकीत रेघ उमटली होती. त्यांनी पकडीनं पातं हलक्या हातानं सरळ केलं. दांड्याच्या दोन्ही टोकांना जिथे तेल असायला हवं तिथे सगळं कोरडं ठाक होतं. अक्कांच्या शिवणाच्या मशीनची तेलाची कुपी मी आणून दिली. त्यांनी दोन्हीकडे थोडंसं तेल सोडलं आणि जास्तीचं फडक्यानं पुसून घेतलं, कारण तेल फार झालं तर गाडीभर जळका वास सुटतो. पंखा दांड्यावर एका बारीक स्क्रूनं घट्ट केलेला होता. तो स्क्रू सैल करून त्यांनी पंखा किंचित पुढे घेतला आणि परत आवळला. मग बोटानं फिरवून बघितला. तो कुठेही न अडता फिरत राहिला आणि हळूहळू थांबला.

सगळं जागच्या जागी बसवलं. मी परत आत बसले. नाना या वेळी खाली पडले नाहीत. दाराशी उभे राहिले. मी बटण फिरवलं.

पंखा फिरत होता आणि त्याचा नुसता मऊ वाऱ्याचा आवाज येत होता. नाना पंख्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं. पदर अजून माझ्या तोंडावरच होता.

"सांग ना, गेला का आवाज?"

"गेला म्हटलं ना, नाना," मी जरा मोठ्यानं म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक केविलवाणी वाट बघणं होतं. मी पदर खाली घेतला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज गेला. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आणि माझं तोंड दिसलं तेव्हाच तो उजळला, हे माझ्या लक्षात आलं.

मी बटण बंद केलं. पदर तोंडाशी धरू नको म्हणणं, माझ्या तोंडाकडे टक लावून बघणं, ताटावर मान घालून बोलणाऱ्या मुलापुढून उठून जाणं, पाठीमागून सांगितलेलं न ऐकणं, एकामागून एक सगळं मला आठवत गेलं. मला वाटतं माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण तोंडं वाचायची त्यांना सवयच होती. ते गाडीच्या पायरीवर बसले. अक्का डाळ घेऊन आत गेल्या होत्या.

"जिनिंगच्या इंजिननं खाल्ले कान," ते खाली बघत म्हणाले. "आधी डावा गेला. आता उजव्यातबी काही राह्यलं नही."

मी उतरून त्यांच्यासमोर गोणपाटावर बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. ह्यांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"त्याले सांगितलं तर तो गाडी घिऊन घेईन. अन् बरोबरबी हाये त्याचं. मंग मी काय करू दिवसभर? ओट्यावर बसू?"

कितीतरी वेळा मी त्यांना गाडीसाठी वाट बघत बसलेलं पाहिलं होतं. पण रस्त्यावरच्या बैलगाड्या, मागून भोंगा वाजवत येणारी एसटी, रेल्वेचं फाटक, हेही माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्हीच त्यांना सांगा. ते हत्यारं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर पेटी परत गाडीतून काढलेली, नळ्या सोडवलेल्या, आणि सगळे भाग ओट्यावर मांडलेले. नळी गळते, असं नानांनी सगळ्यांना सांगितलं. दुरुस्ती होईपर्यंत गाडी निघणार नाही. पंखा ठणठणीत आहे आणि नळी गळत नाही, हे घरात मला एकटीला माहीत होतं. गाडी न्यायची हिंमत राहिली नव्हती आणि सांगायचीही होत नव्हती, म्हणून त्यांनी ती खोलून ठेवली होती. हे टांग्यानं आणि मिळेल त्या बैलगाडीनं जायला लागले. नाना दिवसभर त्या भागांना फडकं मारत बसायचे.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी, नुकतं उजाडलेलं असताना, असोद्याचा एक शेतकरी सायकल दामटत आमच्या दारात आला. त्याची बायको रात्रीपासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. टांगेवाला अजून आलेला नव्हता. ह्यांनी बॅग उचलली आणि अंगणात येऊन नानांना विचारलं की शेगडी नसली तरी चालेल, गाडी तेवढी निघेल का.

नानांनी मुलाकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. तो धापा टाकत होता आणि त्याच्या पायात एकच वहाण होती.

"निघीन," नाना म्हणाले. "पन मले ऐकू येत नही. बिलकूल नही. तू मागं नको बसू, माझ्या बाजूले बस. कोनी भोंगा वाजवला, कोनी हाका मारल्या, तर माझ्या खांद्यावर हात ठेवजो. मी गाडी हयू करीन, कडेले घेईन."

मला वाटलं आता हे काहीतरी विचारतील. पण पुढचं दार उघडून ते बापाच्या शेजारी बसले, आणि मला म्हणाले की घोंगड्या घे आणि मागे बस, बाईजवळ कोणीतरी लागेल.

त्या सकाळचा रस्ता मला अजून दिसतो. शेगडी नसल्यानं गाडी गारठलेली. गवतावर दव आणि शेतांकडे निघालेल्या बैलगाड्या. ह्यांचा उजवा हात नानांच्या खांद्यावर होता. दाबायचा असेल तेव्हाच ठेवायचा होता, पण ह्यांनी तो जाताना एकदाही उचलला नाही. मागून घुंगरं वाजली की बोटं जरा आवळायची आणि नाना गाडी कडेला घ्यायचे. येताना मागे ती बाई घोंगड्यांत गुंडाळलेली, तिचा हात माझ्या हातात, आणि मी तिला सांगत होते की आलंच जळगाव. दुपारी तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

घरी आल्यावर ह्यांनी नानांना खिडकीच्या उजेडात बसवून कान तपासले. मग मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मला वाटायचं नाना मला मुद्दाम उत्तर देत नाहीत." एवढंच म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या घेऊन नानांजवळ जाऊन बसले. कानांवर इलाज नव्हता. मुंबईला एका मोठ्या डॉक्टरांना विचारून झालं, त्यांनीही तेच सांगितलं. मात्र त्या दिवसापासून हे नानांशी समोर बसून, तोंड वर करून बोलू लागले. जेवताना दोघांच्या गप्पा इतक्या वाढल्या की भाकरी गार व्हायच्या आणि अक्का ओरडायच्या.

गाडीचा प्रश्न राहिला. हातानं खांदा दाबत रोज गाडी चालवता येणार नाही, हे नानांनी स्वतःच बोलून टाकलं. ड्रायव्हर ठेवायचं निघालं. नानांनी दोन माणसं बघितली आणि दोघांनाही नापसंत केलं. एक गिअर हिसकतो आणि दुसरा विडी ओढतो, असं कारण दिलं. मग एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना ते म्हणाले, "सूनबाईले शिकवतो."

अक्कांच्या हातातला घास तसाच राहिला. लोक काय म्हणतील, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या तोंडावर ते होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तुला भीती वाटेल का, असं विचारलं. मी म्हटलं, वाटेल. नाना म्हणाले की भीती वाटणाराच गाडी नीट चालवतो.

पिंप्राळ्याकडे तेव्हा मोकळी माळरानं होती. तिथे सकाळच्या वेळी माझी शिकवणी सुरू झाली. पदर कमरेला खोचायचा, बांगड्या मागे सरकवायच्या, आणि नाना शेजारी. ते मला सूचना द्यायचे, पण मी काही विचारलं तर गाडी थांबवून त्यांच्याकडे तोंड करून विचारावं लागायचं. त्यामुळे मी फार विचारत नसे. इंजिन कसं चाललंय ते त्यांना तळपायातून कळायचं. माझा गिअर चुकला की मला ऐकू यायच्या आधी त्यांच्या कपाळावर आठी यायची. पहिले कितीतरी दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारत चालली. गुरं राखणारी माणसं काठी टेकून बघत राहायची. माझा परवाना झाला त्या दिवशी अक्कांनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि कुणी न विचारता मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या. मला देवळापर्यंत ने, म्हणाल्या.

त्यानंतर बरीच वर्षं मीच ह्यांना गावोगाव घेऊन जात होते. असोद्याच्या बायका मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि मी डॉक्टर नाही, नुसती गाडी चालवते, असं सांगितलं की त्यांना त्याचंच जास्त कौतुक वाटायचं.

उन्हाळ्यात एकदा माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे धुळ्याला निघालो. एवढा लांबचा रस्ता मी पहिल्यांदाच चालवत होते. नाना शेजारी होते, मागे अक्का आणि हे. नाना सुरुवातीला दर वळणाला पाय दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे. एरंडोलला आम्ही थांबून चहा घेतला. पुढे पारोळ्याच्या अलीकडे मी त्यांना काहीतरी विचारायला गाडी हळू केली आणि वळून बघितलं. ते मंद घोरत होते, मान छातीवर झुकली होती आणि हात मांडीवर मोकळे पडले होते. दुसऱ्या कुणाच्या हाती चाक असताना त्यांना झोप लागलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. त्यांना काय ऐकू येणार होतं, तरी अक्का मागून हलक्याच आवाजात म्हणाल्या, झोपू दे. मी गाडी परत वेगात घेतली.